जुनी स्वस्त गाडी ट्रॅकवर : पैसा आधी कोठे घालावा?

२००६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील अल्टामाँट येथे एक गमतीदार मोटार शर्यत सुरू झाली. फ्रान्समधील ल मान्स या गावी १९२३ पासून चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत होत आली आहे. इंग्रजी बोलीत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू, असे म्हणतात. या दोहोंची सांगड घालून नव्या शर्यतीला 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स' असे नाव देण्यात आले. तिचा मुख्य नियम असा की, भाग घेणाऱ्या गाडीची किंमत ५०० डॉलरच्या वर जाता कामा नये. पण त्याच नियमाला जोडून एक सवलतही आहे. ब्रेक, टायर, चाके, चालकाची सीट, पट्टे आणि चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा यांचा खर्च त्या ५०० डॉलरमध्ये धरला जात नाही.

धंदा करणाऱ्या माणसाने या सवलतीकडे नीट पाहावे. गाडी भंगाराच्या भावात मिळू शकते, पण तिच्यात बसणाऱ्याचा जीव राखणाऱ्या वस्तू त्या भावात मिळत नाहीत, हे आयोजकांनी पहिल्याच दिवशी कबूल करून टाकले आहे. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. खूप चाललेली एखादी स्वस्त दोन आसनी गाडी घेऊन ती सुटीच्या दिवशी बंद ट्रॅकवर पळवण्याजोगी कशी करतात आणि तीत पैसा कोणत्या क्रमाने घालतात, ते आपण पाहू.

हा शौक आपल्याकडचा नाही, हे खरे. परंतु जुने यंत्र पारखणे, ते पुन्हा उभे करणे आणि त्याचा हिशेब मांडणे हा आपल्यातील अनेकांचा रोजचा रोजगार आहे. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर जुन्या सुट्या भागांवर किती घरे चालतात, हे सांगायला नको. कोकणातील कितीतरी तरुण आखाती देशांत नोकरीला आहेत. दुबई आणि बहरीन येथे २००४ पासून मोटारींचे मोठे ट्रॅक आहेत. तेथील गॅरेजमध्ये असे काम पुढ्यात आले, तर कारागिराला त्याचा क्रम ठाऊक असलेला बरा.

गाडी कोणती?

या कामासाठी जगात सर्वाधिक पसंतीची गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. जपानमध्ये ती प्रथम युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. माझदा हे नाव आपल्याकडे 'स्वराज माझदा'च्या हलक्या ट्रकमुळे ओळखीचे आहे. ही गाडी मात्र कंपनीने भारतात कधी विक्रीस आणली नाही. १९७९ च्या सुमारास बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवले की, जुन्या इंग्रजी धर्तीची हलकी, उघडी आणि परवडणारी गाडी आता कोणी बनवत नाही, ती तुम्ही बनवा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. अमेरिकेत तिची किंमत १३,८०० डॉलरपासून सुरू होत होती. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांत हा जागतिक विक्रम आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ एवढाच की, सुटे भाग मुबलक मिळतात. जुन्या यंत्राच्या सौद्यात अर्धी बाजी येथेच जिंकली किंवा हरली जाते. जो भाग तीन महिने मागवावा लागतो, तो स्वस्त असूनही महाग पडतो.

पहिल्या पिढीच्या म्हणजे १९८९ ते १९९७ च्या गाडीचे वजन हजार किलोच्या आसपास आहे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांवर. सुरुवातीचे इंजिन १.६ लिटरचे असून अमेरिकेत त्याची ताकद ११६ अश्वशक्ती होती. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले आणि पुढच्या ब्रेकच्या डिस्कही २३५ ऐवजी २५५ मिलिमीटरच्या झाल्या. ट्रॅकसाठी घेणाऱ्याने त्या वाढीव इंजिनापेक्षा या वीस मिलिमीटरची किंमत अधिक धरावी, असे आमचे मत आहे.

रनिंग बघू नये, गंज बघावा

अशा स्वस्त गाडीचे रनिंग दीड-दोन लाख मैल, म्हणजे अडीच-तीन लाख किलोमीटर असू शकते. नवखा ग्राहक हा आकडा पाहून मागे फिरतो, आणि जाणता ग्राहक त्याच आकड्यावर भाव पाडून घेतो. इंजिनची झीज मोजता येते. चारही सिलिंडरचे कम्प्रेशन घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर रनिंग कितीही असो, ते इंजिन चालेल. एखादा सिलिंडर फार खाली असेल, तर रनिंग कमी असूनही सौदा सोडावा. इंजिन सुरू करताच वरून टिकटिक आवाज आला, तर बहुधा हायड्रॉलिक लिफ्टरचा असतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही, तेल बदलल्यावर तो पुष्कळदा कमी होतो.

१९९० आणि १९९१ च्या आरंभीच्या गाड्यांत मात्र एक खरा दोष आहे. त्यांच्या क्रँकशाफ्टचे पुढचे नाक आखूड आहे. पुलीचा बोल्ट नीट कसला गेला नाही, तर चावीची खाच झिजते, टायमिंग सरकते आणि अखेरीस क्रँकशाफ्टच बाद होतो. ओळख सोपी आहे. पुढच्या पुलीला चार खाचा असतील तर आखूड नाक, आठ असतील तर सुधारलेले लांब नाक. बॅटरी पुरती शोधणाऱ्या माणसालाही या खाचा मोजता येतात, पण गाडी विकत घेताना फारच थोडे लोक खाली वाकतात.

आता गंजाविषयी. छप्पर असलेल्या गाडीत छप्परही भार उचलते. उघड्या गाडीत तो आधार नसतो, म्हणून दाराखालचा लांब पोकळ पत्रा आणि मधला तळ हाच तिचा कणा. कापडी हुडावर पडलेले पावसाचे पाणी सीटच्या मागील दोन नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्यांत पाला-माती अडकली की पाणी त्याच पोकळ पत्र्यात साचते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. इंग्लंडमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तेथील गाड्या या जागी हमखास सडतात. कॅलिफोर्नियातील कोरड्या हवेची गाडी दुप्पट चाललेली असली तरी तिचा पत्रा धडधाकट असतो. खाऱ्या हवेने लोखंडाचे काय होते हे आपल्या किनाऱ्यावरील माणसाला कोणी शिकवायला नको. पेचकसाच्या मुठीने तो पत्रा ठोकून पाहावा. आवाज खणखणीत आला पाहिजे, भद्द आला तर आत पुटीन किंवा कुजका पत्रा आहे असे समजावे. इंजिन एका दिवसात बदलता येते. कणा बदलण्याचे काम गाडीच्या किमतीला खाऊन टाकते.

आधी जुनी थकबाकी

गाडी घरी आली की नवा मालक सायलेन्सर आणि चाकांचे कॅटलॉग चाळू लागतो. येथेच हिशेब चुकतो. आधीच्या मालकांनी न केलेली देखभाल ही गाडीवरची थकबाकी आहे, आणि ती नव्या मालकाला चुकवावीच लागते. टायमिंग बेल्टची मुदत ६०,००० मैल आहे. या पिढीच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हाल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, ही मोठीच मेहेरबानी. पण ट्रॅकवर भर वेगात इंजिन बंद पडणे हाही विनोद नाही. बेल्ट काढलाच आहे तर त्याच खेपेस वॉटर पंप, सील आणि सर्व होज पाइप बदलावेत. मजुरी एकदाच लागते.

रेडिएटरच्या वरची टाकी प्लॅस्टिकची आहे. नवी असताना ती काळी असते, म्हातारी झाली की तपकिरी पडते आणि मग एके दिवशी उभी चिरते. तपकिरी दिसली की ती फुटण्याची वाट पाहू नये. रेडिएटरखालचे प्लॅस्टिकचे आवरण अनेक जुन्या गाड्यांत गायब असते, कारण कोणीतरी तेल बदलताना ते काढले आणि परत बसवण्याचा कंटाळा केला. ते नसेल तर वारा रेडिएटरमधून जाण्याऐवजी खालून निघून जातो. अतिशय स्वस्त वस्तू, पण ती नसल्यामुळे कित्येक हेड गॅस्केट गेली असतील. याच इंजिनघराण्याची मूळ मांडणी माझदाच्या ३२३ या आडव्या इंजिनाच्या गाडीसाठी होती. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभे बसवले आणि पाण्याची वाट पुढूनच काढली, त्यामुळे मागच्या सिलिंडरला थंडावा कमी पोहोचतो. रस्त्यावर हे जाणवत नाही. ट्रॅकवर नियमित जाणारे लोक पाण्याची वाट मागून काढून देतात. पहिल्या वर्षी याची गरज नाही, पण पाणी तापण्याची तक्रार असेल तर मिस्त्रीने हे लक्षात ठेवावे.

क्लचचा खालचा सिलिंडर गळतो, तोही पाहून घ्यावा. बॉल जॉइंट, बुश आणि चाकांचे बेअरिंग हातांनी हलवून तपासावेत.

ब्रेक

हा भाग सावकाश वाचावा, कारण माणूस मरतो तो बहुधा येथे.

हजार किलोची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगावरून ८० वर आणली, तर सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. तेवढ्या उष्णतेने दोन लिटरहून अधिक साधे पाणी उकळी फुटेपर्यंत तापते. एका वळणावरच्या ब्रेकचा हा हिशेब झाला. ट्रॅकवर एक पाळी वीस ते तीस मिनिटांची असते आणि तेवढ्यात असे ब्रेक कित्येक वेळा लागतात. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. रस्त्यावर चालणारा ब्रेक ट्रॅकवर का हरतो, त्याचे उत्तर यात आहे.

ही उष्णता डिस्क आणि पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलाव्याने त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकावे आणि ओलावा शोषलेले १४० पर्यंत, असे मानक आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पाय टाकला की पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी तशीच पुढे जाते. इशारा क्वचितच मिळतो. आधीच्या वळणावर ब्रेक चांगला लागलेला असतो.

आणि याचा इलाज संपूर्ण गाडीत सर्वांत स्वस्त आहे. जुने तेल पूर्ण काढून ताजे, सीलबंद डब्यातील डॉट ४ किंवा ट्रॅकसाठीचे त्याहून वरच्या प्रतीचे तेल भरावे आणि हवा नीट काढावी. अर्धा वापरलेला, कपाटात वर्षभर पडलेला डबा वापरू नये. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. डॉट ५ हे सिलिकॉनचे निराळे तेल आहे. ५ हा आकडा ४ पेक्षा मोठा म्हणून ते यात मिसळू नये. त्यानंतर पॅड अधिक उष्णता सोसणारे घ्यावेत. असे पॅड थंड असताना कमी पकडतात आणि चीं-चीं आवाज करतात, हे ग्राहकाला आधीच सांगावे, नाहीतर तो गाडी परत घेऊन येतो. रबरी ब्रेक नळ्या तीस वर्षांच्या असतील तर त्या बदलण्याविषयी चर्चाच नको. मोठ्या डिस्क, रंगीत कॅलिपर वगैरे प्रकरण बहुतेकांना कधीच लागत नाही.

डोक्यावरचे पोलाद

उघडी गाडी उलटली तर पुढच्या काचेची चौकट चालकाला वाचवेल, या भरवशावर राहू नये. पहिल्या पिढीच्या गाडीत कारखान्याने मागे कमान दिलेली नाही. म्हणून अमेरिकेतील ट्रॅकवर उघड्या गाडीला पुष्कळ ठिकाणी सीटच्या मागे पोलादी रोल बार असल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही. तपासणीची रीत साधी आहे. काचेच्या वरच्या कडेपासून रोल बारच्या माथ्यापर्यंत एक काठी आडवी ठेवतात. चालक हेल्मेट घालून बसल्यावर त्याचे हेल्मेट त्या काठीच्या खाली राहिले पाहिजे. उंच माणसाला सीट खाली उतरवावी लागते. काही जणांना ही गाडी सोडावीच लागते.

फॅब्रिकेशनवाल्या बंधूंसाठी दोन शब्द. गेट आणि जिने बनवण्याचा हात कितीही सफाईचा असला तरी पाण्याच्या पाइपाचा रोल बार बनवू नये. शर्यतीच्या संस्था नळीचा प्रकार, व्यास आणि जाडी लिहून देतात. ती नळी सांध्याविना किंवा सांधा ओढून एकजीव केलेली असते. वाकवताना ती चेपता कामा नये. पाया पातळ पत्र्यावर नुसता बसवला, तर उलटताना नळी पत्रा फाडून खाली जाते, म्हणून पत्र्याखाली जाड प्लेट देतात. ही पद्धत जमत नसेल तर नामांकित कारखान्याचा तयार रोल बार विकत घेऊन बोल्टने बसवावा. तेही काम इमानदारीचेच आहे.

येथे एक उलटी चूकही होते. उत्साही मालक शर्यतीचा पूर्ण पिंजरा बसवतो आणि तीच गाडी रोज बाजारात नेतो. हेल्मेटविना डोके त्या नळीवर आपटले, तर छोट्या अपघातातही कवटी फुटू शकते. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर मागची कमान पुरे. पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस घ्यायचा, तर त्याला योग्य सीट आणि खांद्याचे पट्टे बांधायला आडवी नळी लागते. नुसते पट्टे आणून जुन्या सीटला गुंडाळणे धोक्याचे आहे. हेल्मेट मोटारसायकलचे चालेल का, असे हमखास विचारले जाते. मोटारीच्या हेल्मेटची आग सोसण्याची आणि नळीवरच्या आघाताची चाचणी झालेली असते, म्हणून अनेक आयोजक तेच मागतात.

मग टायर, आणि शेवटी ताकद

मूळ टायर १८५/६० आर १४ आहेत. चांगली पकड असलेले टायर आणि नीट केलेले अलाइनमेंट यांनी गाडीचा जेवढा वेग वाढतो, तेवढा पहिल्या दोन वर्षांत इंजिनच्या कोणत्याही कामाने वाढत नाही. अलाइनमेंटचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात. दर ठरवताना मिस्त्रीने ते हलतात की नाही हे आधी पाहावे, नाहीतर एका तासाचे काम दोन दिवसांचे होते. शॉकअप गळत असतील तर बदलावेत. टर्बो आणि मोठे इंजिन यांची चर्चा येथे करत नाही. ताकद वाढली की ब्रेक, पाणी, क्लच आणि डिफरन्शियल यांचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. अमेरिकेत 'स्पेक मियाटा' नावाचा शर्यतीचा वर्गच आहे. त्यात सर्वांची गाडी नियमाने जवळजवळ सारखी ठेवतात, म्हणजे फरक हातांचा राहतो.

हिशेब

उदाहरणादाखल समजा की, एकाने ४,००० डॉलरला गाडी घेतली. बेल्ट, पंप, नळ्या आणि रेडिएटर यांचे ४५०, ब्रेकचे ४००, तेले १००, टायर ६००, रोल बार ८००, सीट आणि पट्टे ७००, हेल्मेट ४०० धरले, तर ३,४५० डॉलर होतात. मजुरी घरची. म्हणजे गाडीइतकीच रक्कम पुन्हा लागली आणि वेगासाठी त्यात टायरखेरीज काहीच नाही. ज्याच्या खिशात एकूण ४,००० आहेत, त्याने २,००० च्या आतली गाडी शोधावी किंवा थांबावे. यानंतर प्रत्येक वेळी ट्रॅकची फी आणि झिजणारे पॅड-टायर आहेतच. तेथील पुष्कळ विमा पॉलिसी ट्रॅकवरील नुकसान भरून देत नाहीत. म्हणून जी गाडी भिंतीला लागली तर घर हलेल, ती गाडी ट्रॅकवर नेऊ नये. स्वस्त गाडी निवडण्याचे खरे कारण हेच आहे.

काढलेल्या वस्तू फेकू नयेत. मूळ सीट, हूड, ऑडिओ यांना गिऱ्हाईक असते. वरून बसवायचा कडक टप सोबत आला असेल, तर त्याला इतका चांगला भाव येतो की काही जण त्याच्यासाठीच सबंध गाडी घेतात.

आपल्या देशात मात्र वेगळे भान हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच स्पष्ट केले. गिऱ्हाईक आग्रह करते म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा ढाचा कापून देणाऱ्या गॅरेजवाल्याने हे कलम ऐकलेले नसते, असे दिसते.

पहिल्या दिवशी

ट्रॅकवर पहिल्यांदा जाताना पाना, टायरच्या हवेचा गेज, एक लिटर इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा सोबत घ्यावा. लांब वळणात तेल एका बाजूला पळते, म्हणून पातळी वरच्या खुणेपर्यंत ठेवावी. प्रत्येक पाळीनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासावेत. या गाडीसाठी ८८ ते ११८ न्यूटन-मीटर हे प्रमाण आहे. शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारावी, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतात. आणि गाडी उभी केल्यावर सवयीने हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड मागच्या डिस्कला त्याच जागी चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली लाकडाची उटी लावावी.